होडीवरचा तिसरा माणूस

६ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

हे पत्र बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. अक्षर ओळखीचं नाही म्हणून आधीच सांगतो, मी तुमच्या सुनेचा बाप. लग्नाच्या दिवशी तुमच्या विजारीची शिवण ऐन वेळी उसवली आणि हॉलच्या मागच्या खोलीत ज्यानं टाके घालून दिले, तोच शिंपी. तेवढी दहा मिनिटं आपलं चांगलं जमलं होतं.

पत्र लिहिण्याचं कारण साधं आहे. मी सध्या तुमच्या खोलीत राहतो आणि तुमच्या खोलीची समुद्राकडची खिडकी लागत नाही. कडी बसतच नाही. फटीत कापडाचे बोळे कोंबून झाले, खाटेची जागा बदलून झाली, तरी वारा कानात शिरतोच. तुमच्या मुलाला विचारलं तर म्हणतो, "बाबा कशी लावायचे कोण जाणे, मी त्या खोलीत कधी झोपलोच नाही." तर ती खिडकी कशी लावायची, तेवढं कळवा. फोनवर विचारलं असतं, पण इकडचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही असं ऐकतो.

आता कागद अर्धा कोरा उरलाय म्हणून चार ओळी इकडच्या.

मी इथे आठवडाभरासाठी आलो होतो तो राहिलोच. दुकान बंद केलं, घरात बोलायला माणूस नाही, आणि पोर म्हणाली, "अप्पा, राहा." शिलाई मशीनही आणलंय. ते तुमच्या कपाटाशेजारी ठेवलंय, कपाटाला धक्का लावलेला नाही.

पोरीनं होडी चालवायचा परवाना काढला हे तुम्हाला माहीत आहेच, कारण त्याच दिवशी तुम्ही बॅग भरून डोंगरात लेकीकडे निघून गेलात. "होडीचं चाक सुनेच्या हातात, मग मी इथे काय करू, माश्या मारू?" असं तुम्ही म्हणालात म्हणे. मी तेव्हा इथे नव्हतो, त्यामुळे कोण काय बोललं यात मी पडत नाही. तुमचा मुलगा इंजिनाचा जादूगार आहे, पण होडी धक्क्यापासून हलली की त्याच्या पोटात ढवळायला लागतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. चाक धरायला कुणीतरी लागणारच होतं, एवढंच माझं म्हणणं.

तुमचा जुना खलाशी, तो दाढी, दुसऱ्या होडीवर गेला. "बाईमाणसाचा हुकूम ऐकायची सवय घरापुरती पुरे," असं धक्क्यावर सगळ्यांना सांगत होता.

परवा बंदरावरचे साहेब स्वतः घरी आले होते. हिवाळा संपायच्या आत होडीनं बांगड्याची एक तरी फेरी केली नाही, तर धक्क्यावरची जागा दुसऱ्याला जाईल म्हणाले. आतल्या कोपऱ्यातली, जिथे लाट लागत नाही ती. तुमच्या वडिलांपासूनची. माणूस भला आहे, सांगताना सारखा टोपी काढत आणि घालत होता.

हे तुम्हाला कळवायचं नाही असं घरात ठरलंय. त्यामुळे मी काही कळवलेलं नाही.

खिडकीचं मात्र जरूर कळवा.

तुमचा व्याही


१९ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

कार्ड मिळालं. "कडी वर उचलून मग ओढायची." बस्स, एवढंच! ना नमस्कार, ना सही. पण खरं सांगतो, कडी लागली. इतके दिवस मी तिच्याशी कुस्ती खेळत होतो आणि तिला नुसतं उचलून घ्यायचं होतं. काल छान झोप लागली. सकाळी उठल्यावर तुमचे मनापासून आभार मानले, म्हणून हे पत्र.

इकडे तिसऱ्या माणसाचा शोध चाललाय. हिवाळ्यात तीन माणसांशिवाय होडी सोडायची नाही असा बंदराचा नियम आहे. दोन तर घरचीच झाली, पोर चाकावर आणि तुमचा मुलगा इंजिनावर. तिसरा मिळेना. जाळी विणणाऱ्याचे गुडघे दुखतात. बर्फवाल्याच्या बायकोला स्वप्न पडलं. बाकी ज्याला विचारावं त्याला नेमकं त्याच दिवशी काम असतं, आणि आम्ही अजून दिवस ठरवलेलाच नाही!

परवा जेवताना कुणाचं ताटात लक्ष नव्हतं. तुमचा मुलगा भाताशी खेळत होता, पोर भिंतीकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येतो."

तुमच्या मुलाला ठसका लागला. पोर म्हणाली, "अप्पा, तुम्ही तळ्यातल्या होडीत बसायला घाबरता."

"तळ्यातली होडी बदकाच्या आकाराची होती," मी म्हणालो. "त्यात कुठलाही शहाणा माणूस बसणार नाही."

मग जे हसलो आम्ही, व्याहीबुवा! कितीतरी दिवसांनी या घरात तसं हसू ऐकलं. आणि हसून झाल्यावर कुणाला "नाही" म्हणता येईना.

आता मी तयारीला लागलोय. रोज सकाळी धक्क्याला बांधलेल्या होडीत जाऊन बसतो, पोटाला सवय व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी पेपर वाचायला नेला आणि पहिल्याच पानावर तो बंद करून आकाशाकडे बघत बसलो. आता आतल्या पानापर्यंत पोचलोय. येणारेजाणारे विचारतात, "काय शिंपीबुवा, कुठवर?" मी म्हणतो, "क्रीडा पानापर्यंत."

बंदरवाल्यांनी माझी परीक्षाही घेतली. लाइफ जॅकेट घालून पोहण्याच्या तलावात उडी मारायची. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक धिप्पाड बाई काठावर उभ्या होत्या. मी विचारलं, "पायऱ्यांनी उतरलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "समुद्राला पायऱ्या कुठे असतात, आजोबा?" मारली उडी. नाकातोंडात पाणी गेलं, चष्मा तळाशी गेला, पण मी बुचासारखा वर आलो. बाईंनी शिट्टी वाजवली. पास!

तुमच्या लेकीचं पत्र पोरीला आलं होतं. तुम्ही रोज पहाटे उठून डोंगरातलं धुकं बघता आणि "आज पाणी शांत असेल" असं पुटपुटता, असं तिनं लिहिलंय. हे मी वाचलेलं नाही, नुसतं कानावर आलं.

तुमचा व्याही


३ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

पार्सल मिळालं. वर पत्ता तुमच्या हातचा, आत चिठ्ठी नाही. तुमचा समुद्रावरचा मोठा पिवळा रबरी कोट, घडी घालून सुतळीनं बांधलेला. तुमच्या मुलानं तो उघडला, नाकाशी धरला आणि म्हणाला, "बाबांचाच."

आता एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही आधी खुर्चीत बसा.

मी तो कापला.

ऐका, ऐका. कोट पोरीनं घातला तेव्हा बाह्या तिच्या गुडघ्याला टेकत होत्या आणि टोपी हनुवटीपर्यंत येत होती. चाकावर उभी राहिली असती तर कोटच होडी चालवतोय असं दिसलं असतं. दुकानात मिळतात ते सगळे कोट पुरुषांच्या मापाचे, खांद्यात मोठे आणि कमरेत अडणारे. मी दोन दिवस तुमच्या कोटाभोवती कात्री घेऊन फिरलो. आयुष्यात इतकी कापडं कापली, पण असा कधी अडलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी खडूनं रेघ मारली आणि लावली कात्री. शिवणीला आतून मेण लावलंय, थेंब शिरणार नाही. उरलेल्या तुकड्यांचे हातमोजे केले, बोटांची टोकं उघडी ठेवून, म्हणजे दोरी हाताला कळेल. खिसा तुमचाच ठेवलाय, छातीवरचा, जसाच्या तसा.

रागावला असाल तर लिहून रागवा. कार्डावर मावलं नाही तर मोठा कागद घ्या.

बाकी तयारी म्हणाल तर घराची पार होडी झालीय. स्वयंपाकघरात दोऱ्या, न्हाणीत रंगाचे डबे. तुमच्या मुलानं इंजिन उघडून जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं, आम्ही दोन दिवस उभ्यानं जेवलो. बांगड्याच्या दोऱ्या बांधायचं काम माझ्याकडे आलंय. लांब दोरी, तिला एकाखाली एक सहा गळ, टोकाला शिसं. गळाला पिसाचा तुकडा बांधायचा, म्हणजे बांगड्याला ते माशाचं पिल्लू वाटतं. कोंबडीची पिसं आणली होती, पण ती भिजली की मलूल पडतात. मग माझ्या चिंध्यांच्या पिशवीत चंदेरी कापड सापडलं, कुणाच्यातरी लग्नाच्या झग्याचं. त्याच्या बारीक पट्ट्या कापून बांधल्यात. पाण्याच्या बादलीत हलवून बघितलं, अशी काही चमकतात! तुमच्या मुलाला वाटतं बांगडे हसतील. मी म्हटलं, हसताना तोंड उघडतंच ना?

आता एक गोष्ट तुमच्या-माझ्यात. काल संध्याकाळी पोर दिसेना म्हणून धक्क्यावर गेलो. होडीतल्या चाकाच्या केबिनमध्ये एकटी बसली होती. मला बघून हसली, पण डोळे लाल होते. म्हणाली, "अप्पा, उन्हाळ्यात मी बाहेर गेलेय, पण तेव्हा मामंजी मागे उभे असायचे. बोलायचे नाहीत, पण असायचे. हिवाळ्यातलं पाणी मी एकटीनं कधी बघितलं नाही."

मी तिच्याशेजारी बसलो. मला समुद्रातलं काय कळतं? मी तिच्या कोटाची कॉलर सारखी करत राहिलो.

हिवाळ्यात बांगडा कुठे असतो, व्याहीबुवा? तिला नाही, मला सांगा. मी नवशिका आहे, मला विचारायला लाज नाही.

तुमचा व्याही


१४ डिसेंबर

व्याहीबुवा,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! मी चष्मा पुसून पुसून वाचलं.

"कोट कापलात ते बरं केलंत, मला तो तसाही पोटावर घट्ट होत होता." या एका वाक्यानं माझ्या छातीवरचा दगड उतरला.

पत्र तुम्ही माझ्या नावानं लिहिलंत, पण दर दुसऱ्या ओळीत "तिला सांगा" असं होतं. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. थंडीत बांगडा खाली जाऊन बसतो, दोरी शिसं तळाला टेकेपर्यंत सोडायची, मग दोन हात वर घ्यायची आणि हलकेच झुलवत ठेवायची. पहिला मासा लागला म्हणून घाईनं ओढायचं नाही, बाकीचे गळही भरू द्यायचे. वारा फिरला की मोह सोडायचा आणि घराकडे वळायचं. आणि ती जागा: दीपगृह आणि गावाची पाण्याची टाकी एका रेषेत येतात तिथे, टाकी बरोब्बर दीपगृहाच्या मागे लपली की थांबायचं. पोरीनं ते दोनदा वाचायला लावलं. तुमचा मुलगा मधेच उठून तोंड धुवायला गेला आणि आला तेव्हा त्याचे केसही ओले होते. म्हणाला, "ही जागा बाबांनी मलाही कधी सांगितली नव्हती."

"तू विचारलंस कधी?" पोर म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. आणि मग स्वतःशीच हसला.

इकडे आता फक्त वाऱ्याची वाट बघणं चाललंय. होडीला खालून वरून नवा रंग लागला, बर्फाची पेटी घासून झाली, वायरलेस तपासून झाला. मी लोकरीचे तीन थर चढवून बघितले. सगळं घातल्यावर मला वाकता येत नाही. तुमचा मुलगा म्हणतो, "अप्पा पाण्यात पडले तर बुडणार नाहीत, पण त्यांना वाळवायला उन्हाळा उजाडेल." रोज पहाटे उठतो, वारा शिट्टी घालत असतो, आणि आम्ही परत चहा करतो. दाढी रस्त्यात भेटला तर विचारतो, "काय, कप्तानबाईंचा मुहूर्त कधी?" पोर म्हणते, "वाऱ्याला विचारा, मी त्याच्याकडे नोकरीला आहे."

एक विचारू का? तिसरा माणूस म्हणून मी आहेच. पण मी काही झालं तरी शिंपी. तुम्ही का येत नाही? बस सकाळीही आहे आणि संध्याकाळीही. आलात तर मी माझी जागा आनंदानं देईन. अगदी आनंदानं नाही, आता मलाही ओढ लागलीय. पण देईन.

तुमचा व्याही


२२ डिसेंबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मिळालं. "मी येणार नाही. मी होडीवर असलो की हात आपोआप चाकाकडे जातात आणि तोंड आपोआप उघडतं. तुम्ही जा. तुम्हाला काही येत नाही, हेच चांगलं आहे."

आधी वाईट वाटलं. मग परत वाचलं. आता वाटतं, याहून मोठी पावती मला कुणी दिली नाही.

उद्या वारा पडणार असं बंदरावरच्या वायरलेसवाल्या बाईंनी सांगितलंय. बर्फ भरलाय, डबे बांधलेत. तुमचा मुलगा उलटी थांबायची गोळी किती आधी घ्यायची यावर पाकिटावरचा मजकूर तिसऱ्यांदा वाचतोय. पोर शांत आहे. जेवली चांगली. मला म्हणाली, "अप्पा, भीती वाटतेय?"

मी म्हटलं, "खूप. आणि मजाही वाटतेय. दोन्ही एकदम वाटतं का माणसाला?"

"मला रोज वाटतं," ती म्हणाली.

पत्र आत्ताच पेटीत टाकतो. तुम्हाला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

तुमचा व्याही


२८ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्ही परवा परत डोंगरात गेलात ते ट्रंक आणायला, म्हणजे चार दिवसांत येणारच. मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर कारण असं, की त्या दिवशी धक्क्यावर आणि नंतर घरी सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांत जास्त तुम्ही. मी "आम्ही दीपगृहापाशी पोचलो" एवढं वाक्य तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा तुम्हीच ते पुढे नेलंत. होडीवर मी होतो, तुम्ही नव्हतात! म्हणून आता सलग सांगतो आणि मधे बोलायची सोय नाही.

आम्ही उजाडायच्या सुमाराला निघालो. थंडी अशी की तोंडातून निघालेला शब्द दिसायचा. तुमच्या मुलानं मला गादीसारखं ढकलत होडीत चढवलं. पोर तुमच्या कोटात चाकावर उभी राहिली, आणि तिच्या पाठीकडे बघून एक क्षण मला वाटलं, ही कुणाची तरी मोठी, शहाणी बाई आहे, माझी नाही. मग ती वळून म्हणाली, "अप्पा, बसा तिथे, आणि काही धरा," तेव्हा माझी झाली.

बंदराच्या बाहेर पडलो आणि पाणी हलायला लागलं. मी पेपर नेला नव्हता. तुमच्या मुलानं दीपगृह येईपर्यंत सकाळचा सगळा चहा समुद्राला परत केला. पण खरंच सांगतो, एका हातानं कठडा धरून तो ओकत होता आणि दुसरा हात इंजिनावर होता, आणि इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं.

टाकी दीपगृहामागे लपली. थांबलो. दोऱ्या सोडल्या. शिसं तळाला टेकलं, दोन हात वर घेतलं, झुलवत बसलो. काही नाही. थोडं पुढे सरकलो, काही नाही. मागे आलो, एक शेवाळाचा गुच्छ आला आणि माझ्या एका गळानं माझीच विजार धरली. बोटं बधिर झाली. सूर्य वर आला. तुमच्या जागेवर तुमचे बांगडे नव्हते, व्याहीबुवा.

मला वाटलं, आता ही रडेल किंवा परत फिरेल. ती केबिनच्या दारात उभी राहून लांबवर बघत होती. खोल पाण्याकडे पांढरे पक्षी पाण्यावर बसले होते, नुसते बसलेले.

"बसलेत म्हणजे जेवून बसलेत," तुमचा मुलगा म्हणाला.

"किंवा पान वाढायची वाट बघतायत," ती म्हणाली. तिनं आकाश बघितलं, वाऱ्याकडे गाल केला, आणि वायरलेस उचलला. "दीपगृहाच्या रेषेत काही नाही. मी बाहेर जाते. वारा उठला तर लगेच वळेन."

पलीकडून बाईंचा आवाज आला, "ऐकलं."

मला तुमची चार पानं पाठ होती. त्यात बाहेर जायचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "अप्पा, मामंजींनी सांगितलं ते बरोबर आहे. पण आज मासा तिथे नाही. मी तरी काय करू?"

गेलो. किनारा बारीक होत होत धाग्याएवढा उरला. पक्ष्यांजवळ पोचलो, इंजिन मंद केलं, दोऱ्या सोडल्या. शिसं टेकायच्या आतच माझ्या हातात थरथर आली. मशीन वेगात असलं की टेबलावर टेकलेल्या हाताला जशी थरथर कळते ना, अगदी तशी. मी ओरडलो, "आलं! काहीतरी आलं!"

"ओढू नका, भरू द्या!" दोघंही ओरडली.

भरू दिलं. मग ओढलं. सहा गळ, सहा बांगडे! पाठीवर हिरवेनिळे वळणदार पट्टे, पोट चांदीचं. असा पट्टा मी जन्मात कापडावर बघितला नाही. मी नुसता बघतच राहिलो, तर तुमचा मुलगा ओरडला, "अप्पा, कौतुक नंतर, दोरी सोडा!" तो ओकायचं विसरून गेला होता. खरंच! गालांवर रंग आला होता आणि दोन्ही हातांनी दोरी ओढत होता. माझ्या चंदेरी चिंध्यांवर बांगडे लग्नाला आल्यासारखे येत होते. पोर चाक सांभाळून मधेच येऊन एक दोरी ओढायची, परत धावायची. आम्ही तिघंही हसत होतो, कशाला ते ठाऊक नाही. मी तर काहीतरी गातही होतो असं म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही.

पेट्या भरत आल्या, अजून मासा लागतच होता, आणि एकदम ती म्हणाली, "बास. वारा फिरला."

मला काहीच जाणवलं नव्हतं. "अजून एकदा तरी," मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण मला चटक लागली होती.

"अप्पा, दोरी वर." असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. घेतली वर. बंदराच्या तोंडाशी येईतो मागे पाणी काळं झालं होतं आणि लाटांची टोकं फुटत होती. ती म्हणाली तेव्हा वळलो नसतो तर हे पत्र इतक्या मजेत लिहिलं नसतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोर फेकला मी, आणि झेलला कुणी तर तुम्ही. तुम्ही तिला म्हणालात, "उशीर केलास," आणि ती म्हणाली, "लांब गेले होते, मामंजी," आणि मग तुम्ही पेटीत हात घालून बांगडा उचललात आणि तुम्हाला बोलायला काही सुचेना. ते काही फार वेळ टिकलं नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. म्हणजे, मला माहीत झालंय हे तुम्हाला माहीत नाही.

काल मी वायरलेसच्या खोलीत त्या बाईंना थोडे मासे द्यायला गेलो होतो. त्यांनी सांगितलं की तुम्ही आम्हाला म्हणालात तसे त्या दुपारी आलाच नव्हतात. वारा कधी पडणार हे तुम्ही त्यांनाच फोन करून विचारलं होतंत आणि आदल्या संध्याकाळच्या बसनंच आला होतात. आम्ही निघालो तेव्हा गोदामाच्या आड उभे होतात. आणि होडी गेल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसलात ते आम्ही परत येईपर्यंत. ती दीपगृहाची रेषा सोडून बाहेर जाते म्हणाली तेव्हा बाईंनी माइक तुमच्यापुढे धरला. "बोलायचंय का?"

तुम्ही म्हणालात, "होडी तिची आहे." आणि हात पाठीमागे बांधून खिडकीशी जाऊन उभे राहिलात.

बऱ्याच वेळानं, तिनं मासा लागल्याचं कळवल्यावर, तुम्ही त्या बाईंना म्हणालात, "मी नसतो गेलो बाहेर. मी त्याच जागेवर दुपारपर्यंत बसलो असतो आणि हात हलवत परत आलो असतो." बाई म्हणतात, तुम्ही हे सांगताना हसत होतात.

व्याहीबुवा, तुम्हाला ओळखणारी माणसं म्हणतात की तुम्ही जन्मात कधी गप्प बसला नाहीत. त्या दिवशी बसलात.

हे मी पोरीला सांगावं की नाही, यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाबरोबर सांगून टाकलं. तुमचा मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. तिनं कप खाली ठेवला, उठली, कोट अंगावर चढवला आणि धक्क्यावर निघून गेली. तासाभरानं परत आली ती गाल लाल करून. मला म्हणाली, "अप्पा, तुम्ही मामंजींना घरातलं सगळं चोरून कळवता ना पत्रात?"

"चोरून कसलं," मी म्हटलं. "पोस्टातून."

"मग लिहा. गुरुवारी वारा पडणार आहे. होडीत चौथ्या माणसाला जागा आहे. पहाटे येऊन उभं राहायचं म्हणावं. गोदामाच्या आड नाही. समोर."

तुमचा व्याही